कालक्याची गाडी चुकवताना

चंडीगडात राहणाऱ्या मराठी माणसाला नातेवाईक फार. तोच माणूस नाशकात राहत असता, तर आपला गोतावळा एवढा मोठा आहे हे त्याला मरेपर्यंत कळलं नसतं. पण सिमला-मनालीच्या वाटेवर घर करून बसलं, की चुलत आत्याच्या जावेचा भाचासुद्धा फोन करतो. ‘कसे आहात’ वगैरे नाही. ‘तिकडनं पुढं कसं जायचं हो?’ एवढंच विचारतो.

सेक्टर अडतीसमधल्या गुरुनाथ साबणेनं या प्रश्नाचं उत्तर एकतीस वर्षं दिलं. पोटापाण्यासाठी तो इथल्या एका मोठ्या वैद्यकीय संस्थेत संख्याशास्त्र बघायचा, गेल्या वर्षी निवृत्त झाला. पण खरी नोकरी ही. पाहुणे आले, अंघोळी झाल्या, पोहे झाले, की गुरुनाथ त्यांच्या हातात एक कागद ठेवायचा. पाठपोट लिहिलेला. कुठली बस कुठल्या स्टँडवरून, खिडकी डावीकडची घ्यायची की उजवीकडची, सोबत म्हातारं माणूस असेल तर टॅक्सी कुठपर्यंत आणि रेल्वे कुठून, सगळं त्यात. ‘पहाडात किलोमीटर विचारू नयेत, तास विचारावेत.’ ‘शेअर टॅक्सीवाला “बस, पाच मिनिट जी” म्हणाला, तर खाली उतरून जेवून यावं.’ ‘ज्यांना गाडी लागते त्यांनी मनालीच्या वाटेवर बिलासपूर येईपर्यंत तोंड बंद ठेवावं, खायलाही आणि बोलायलाही.’ मराठी मंडळात याला नुसतं ‘कागद’ म्हणत. सिमल्याला निघालायस? कागद घेतलास का?

आणि कागद घेऊन गेलेल्या एकाही माणसाची गाडी एकतीस वर्षांत चुकली नाही. हे गुरुनाथ स्वतः सांगायचा, न विचारता सांगायचा, आणि त्याची बायको चारुशीला तेवढ्यात चहा ठेवायला आत जायची.

चुकली होती ती फक्त त्याची स्वतःची. नऊ वर्षांपूर्वी, जानेवारीत.

कराडहून वहिनींचा फोन आला, ‘भावोजी, आईंचं काही खरं नाही, निघा.’ बाहेर असं धुकं, की समोरच्या घराचं फाटक दिसत नव्हतं. दुपारचं विमान होतं, आणि तासाभरात सुटणारी रेल्वे होती. दुसरा कुणी असता तर त्यानं आधी रडून घेतलं असतं आणि मग मिळेल ते धरलं असतं. गुरुनाथनं वही काढली. धुक्यात किती विमानं रद्द होतात, किती गाड्या किती तास रखडतात, याची त्याच्याकडं सोळा वर्षांची नोंद होती. त्यानं गणित केलं आणि रेल्वे धरली. विमान दोन तास उशिरा का होईना, उडालं. रेल्वे मात्र दिल्लीच्या अलीकडं-पलीकडं मिळून एकोणीस तास उभी राहिली. तो कराडला पोचला तेव्हा घरात सगळं उरकलं होतं.

थोरला भाऊ रामचंद्र दारात उभा होता. गुरुनाथपेक्षा अकरा वर्षांनी मोठा, पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेला, शब्दसुद्धा वजन करून खर्च करणारा. तो म्हणाला, “सगळ्या जगाला वेळेवर पोचवतोस म्हणे तू.” आणि आत गेला.

बस्स. भांडण नाही, वाटण्या नाहीत, काही नाही. पण त्यानंतर दोघं एकमेकांच्या घरी गेले नाहीत. दिवाळीला फोन व्हायचा. चार वाक्यं, त्यातली दोन हवामानाची. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर सुंभसुद्धा जळायला तयार नव्हता. गुरुनाथनं कागदाच्या तळाशी एक ओळ वाढवली, ‘जवळचं माणूस आजारी असेल तर जी गाडी आधी सुटेल ती धरू नये, जी आधी पोचेल ती धरावी.’ लोक विचारायचे, की सिमल्याच्या सहलीत हे कशाला? गुरुनाथ म्हणायचा, असू द्या.

तर यंदा दिवाळी झाली आणि वहिनींचा फोन आला. वसुधावहिनी आणि दादा सव्वा महिना देश बघत फिरत होते. रामेश्वर झालं, पुरी झालं, पार आसाम झालं, आता उत्तर.

“भावोजी, आम्ही परवा सकाळच्या दिल्लीच्या गाडीनं चंडीगडला उतरतोय. अकरा वाजता. तिथनं टॅक्सीनं कालक्याला जायचं आणि बाराची ती सिमल्याची छोटी गाडी धरायची, असं हे म्हणतायत. तुम्ही स्टेशनवर भेटाल का? तेवढंच तोंड दिसेल.”

गुरुनाथच्या तोंडात उत्तर तयार होतं. अहो वहिनी, उतरता कशाला? तुमची तीच गाडी पुढं कालक्याला जाते! बसल्या जागी पाऊण तासात पोचाल, आणि समोरच्याच फलाटावर छोटी गाडी उभी असते! चंडीगडला उतरून रस्त्यानं कालका गाठायचा म्हणजे हात दाखवून अवलक्षण. वाटेत पिंजौरला रहदारी लागली तर गाडी गेलीच समजा.

गेलीच समजा. एवढ्यावर तो थांबला.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा गुरुनाथनं पाहुण्याची चूक दुरुस्त केली नाही. तो म्हणाला, “या, वहिनी. मी येतो स्टेशनवर.” आणि फोन ठेवून घाम पुसला.

शिंकं तुटलं नि बोक्याचं साधलं! गाडी चुकली की दुसऱ्या दिवसापर्यंत दुसरी छोटी गाडी नाही, कालक्याहून परत फिरायचं, आणि परत फिरून जाणार कुठं? सेक्टर अडतीस. दादा एक रात्र घरात राहील. समोरासमोर जेवायला बसेल. मग बोलायचं ते बोलता येईल. त्याला दादा घरी हवा होता, बाकी काही नको होतं. नऊ वर्षं तो या एका गोष्टीसाठी झुरत होता, आणि हे त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. अर्थात तिला माहीत होतं.

“म्हणजे तुम्ही भावाला मुद्दाम गाडी चुकवायला लावणार,” चारुशीला म्हणाली.

“लावणार नाही. चुकेल. मी फक्त मध्ये पडणार नाही.”

“आणि घरी चल असं तोंडानं म्हणायला काय होतं?”

“नाही म्हणाला म्हणजे?”

मुलगी ज्ञानदा आयटी पार्कात नोकरीला होती, चंडीगडातच वाढलेली, मराठी सगळं समजायचं पण उत्तर हिंदीत. लॅपटॉपमधून मान वर न काढता ती म्हणाली, “सीधा बोल दो ना बाबा, कि रुक जाओ. इसमें क्या है?”

“तुला नाही कळायचं,” गुरुनाथ म्हणाला, आणि कागद घेऊन बसला. यावेळी उलटा कागद. कालक्याला जायचे जेवढे मार्ग होते, त्यातला सगळ्यात हळू कुठला? टॅक्सी बाद, ती पोचवते. रिक्षा बरी, पण कधीकधी जिद्दीला पेटते. शेवटी बस. स्टेशनच्या बाहेरून कालक्याला एक खाजगी बस जाते. ती भरेपर्यंत हलत नाही, आणि भरायला तिला किमान वीस मिनिटं लागतात, हे गुरुनाथनं स्वतः मोजलेलं होतं. मग पंचकुल्यातले थांबे, मग पिंजौरचा बाजार. बारा दहाची गाडी देवसुद्धा गाठून देऊ शकत नाही.

परवा उजाडलं. चारुशीलानं दोन माणसांचा जास्तीचा स्वयंपाक केला, पुरणही शिजवलं.

गाडी अकराला दोन मिनिटं कमी असताना आली. गुरुनाथला हे आवडलं नाही. दादा उतरला. नऊ वर्षांत फार वाळला होता. गळ्याचं कातडं सैल पडलं होतं. गुरुनाथनं वाकून नमस्कार केला. दादानं पाठीवर हात ठेवला, लगेच काढला, आणि म्हणाला, “थंडी आहे रे इथं.”

“आहे. पण कोरडी आहे,” गुरुनाथ म्हणाला.

हवामानाची दोन वाक्यं तिथंच संपली.

“टॅक्सी कुठं मिळेल?” वहिनींनी विचारलं.

“टॅक्सी कशाला? बसनं जाऊ. देश बघायला निघालाय ना तुम्ही? देश बसमधूनच दिसतो.” आपण हे वाक्य बोललो यावर गुरुनाथचाच विश्वास बसेना. बहात्तर वर्षांचा माणूस, तीन बोजे, आणि बस! कागदाप्रमाणे हा गुन्हा होता.

पण दादा म्हणाला, “चालेल की. बसच बरी.”

बस उभी होती आणि रिकामी होती. गुरुनाथला सुख वाटलं. पण तिघं आत बसतात न बसतात, तोच कुठल्याशा लग्नाचं अख्खं वऱ्हाड येऊन चढलं. फेट्यांसकट, मिठाईच्या खोक्यांसकट. दोन मिनिटांत बस भरली आणि सुटली. ड्रायव्हर पंचविशीचा होता आणि नवरदेव बहुधा तोच असावा, अशी हाकत होता. पंचकुल्यातले सिग्नल एकामागून एक हिरवे होत गेले. गुरुनाथ घड्याळाकडं बघत होता आणि त्याच्या जन्मात पहिल्यांदा त्याला हिरव्या दिव्याचा राग येत होता.

दोघं भाऊ शेजारी बसले होते आणि वाहनांबद्दल बोलत होते. दुसरं काय बोलणार?

“आसामात बोटीनं गेलो,” दादा म्हणाला. “बोटीवर मोटारसायकली, शेळ्या, एक पलंग आणि आम्ही दोघं.”

“पाऊण तास लागला असेल.”

“दीड. मधेच वाळूत रुतली. शेळ्यांना उतरवलं, मग निघाली.”

“आणि पुरीला?”

“बॅटरीवरची रिक्षा. देवळापर्यंत सहाजण कोंबले. हिच्या मांडीवर एक बंगाली बाई.”

“चांगली होती ती,” वहिनी मागच्या बाकावरून म्हणाल्या. “अजून फोन करते मला.”

“कच्छात जीप, रामेश्वरला रेल्वे, जोधपुरात एकदा उंट,” दादा म्हणाला. “उंट वाईट.”

“उंटाचं आम्ही सांगतच नाही कुणाला.”

“बरोबर करतोस.”

एवढं बोलून दोघंही थकले. गुरुनाथला मनातून ओरडावंसं वाटत होतं, की दादा, उंट जाऊ दे खड्ड्यात, तू माझ्याशी नऊ वर्षं धड बोलला नाहीस! पण तोंडात मिठाची गुळणी. बस मात्र धावत होती. साडेअकराला पिंजौर. रहदारी? बाजारात कुत्रंसुद्धा आडवं आलं नाही. इथून कालका पाच-सहा किलोमीटर, म्हणजे बारा दहाची गाडी अर्धा तास हातात राखून मिळणार होती.

तोच दादा म्हणाला, “इथं उतरून चहा घेऊया का?”

गुरुनाथनं त्याच्याकडं पाहिलं. दादा खिडकीबाहेर बघत होता.

“घेऊया की,” गुरुनाथ म्हणाला, आणि दादानं विचार बदलायच्या आत बोजे खाली काढले. वहिनी पदर सावरून उतरल्या.

चहा झाला. दादा म्हणाला, अजून एक घेऊ. गुरुनाथ म्हणाला, भजी चांगली मिळतात इथं. दादा म्हणाला, गरम काढायला सांग. गुरुनाथ म्हणाला, सावकाश काढा जी, घाई नाही. भजी खाऊन झाल्यावर दादाला हात धुवायचे होते, मग चष्मा पुसायचा होता, मग त्यानं दुकानदाराला पिंजौरची वस्ती किती, शेती काय पिकते, पोस्ट कुठं आहे हे विचारलं. दुकानदारही गप्पिष्ट निघाला. गुरुनाथ मनात म्हणाला, देवा, आजवर तुला काही मागितलं नाही, या दुकानदाराला सांग, दादाला पोस्टापर्यंत घेऊन जा. बारा वाजून गेले. बारा दहा झाले. बारा पंधराला सामान आठजणांच्या रिक्षात चढलं आणि गुरुनाथचं अंग हलकं झालं. गाडी गेली होती. आता फक्त चेहरा पाडून दाखवायचा होता, तो त्यानं पाडला.

“चुकणार बहुतेक,” तो म्हणाला.

“चुकली तर चुकली,” दादा म्हणाला.

बारा पस्तीसला ते कालक्याच्या फलाटावर आले. छोटी गाडी उभी होती.

गुरुनाथ जागीच थांबला. आणि मग त्याला आठवलं. हे त्याच्याच कागदावर, त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘दिल्लीची मोठी गाडी रखडली, तर छोटी गाडी तिच्यासाठी थांबते. घाबरू नये.’ दिल्लीची गाडी, म्हणजे दादा जिच्यातून उतरला तीच, चंडीगडच्या पुढं कुठंतरी सिग्नलला अडकली होती आणि नुकतीच येऊन लागली होती. माणसं पळत पळत छोट्या गाडीत चढत होती. एकतीस वर्षं लोकांना सांगितलेली गोष्ट आणि आज नेमकी विसरावी? करायला गेलो काय आणि झालं काय!

गार्ड हिरवं निशाण काखेत धरून उभा होता. गुरुनाथचे हात सवयीनं चालू लागले. दोन बोजे उचलले, डब्यांकडं निघाला.

“दादा, डबा कुठला तुमचा?”

दादा डब्यांकडं बघत होता.

“डबा, दादा. नंबर सांग. सुटेल आता.”

दादानं वहिनींकडं पाहिलं. वहिनींनी चपलांकडं पाहिलं. गार्डनं शिट्टी तोंडात घातली. आणि गुरुनाथनं दोन्ही बोजे फलाटावर टाकले.

“जाऊ नको दादा,” तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला, दोन हमाल वळून बघायला लागले. “घरी चल. मी मुद्दाम उशीर केला. ती बस मुद्दाम घेतली. तुमची गाडी सरळ इथंच येते हे मला माहीत होतं, मी सांगितलं नाही. गाडी चुकली म्हणजे तू घरी येशील म्हणून. चारूनं पुरण घातलंय. तू नाही म्हण, शिव्या घाल, पण एकदा घरी चल.”

शिट्टी झाली. गाडी हलली. अगदी हळू, चालत चढता येईल एवढी हळू. दादा शेवटचा डबा जाईपर्यंत तिच्याकडं बघत उभा राहिला.

“गुरू,” दादा म्हणाला, “तिकीट काढलंय कुणी?”

“म्हणजे?”

“सिमल्याचं तिकीट नाहीये आमच्याकडं. काढलंच नव्हतं. तू विचारलंस का?”

नव्हतं विचारलं. मंडळातल्या सगळ्यात लांबच्या पाहुण्यालाही गुरुनाथ पहिला प्रश्न तो विचारायचा, रिझर्वेशन पक्कं आहे का. सख्ख्या भावाला विचारायचं राहून गेलं.

“गाडी कालक्याला जाते हे काय मला माहीत नाही? डब्यावर पाटी असते, या टोकाला दिल्ली, त्या टोकाला कालका. चाळीस वर्षं टपालाच्या थैल्या गाड्यांवर चढवल्या मी, पाटी वाचता येते मला. तरी उतरलो चंडीगडला. म्हटलं, एवढं उतरलेलं बघून तरी म्हणशील, आलायस तर घरी चल. तर तू बसमध्ये घालून निघालास. मग म्हटलं पिंजौरला म्हणशील. चार भजी जास्त खाल्ली त्यासाठी. पोटात जळजळतंय.”

“मी म्हणत होते, सरळ फोन करा,” वहिनी कुणाकडंच न बघता म्हणाल्या. “एक भाऊ बोलेल तर शपथ, दुसरा त्याच्या वर. आपण मधल्यामध्ये बस बघा, रिक्षा बघा.”

गुरुनाथ बाकावर बसला. दादाही शेजारी बसला. फलाट रिकामा झाला होता आणि झाडूवाली पलीकडच्या टोकाकडून येत होती.

“मी विमानानं यायला हवं होतं त्या वेळी,” गुरुनाथ म्हणाला. “रोज आठवतं मला. आई माझी वाट बघत गेली.”

“आई कसली वाट बघतेय,” दादा म्हणाला. “दोन दिवस आधीच तिची शुद्ध गेली होती. मी आलोय का तू आलायस, तिला काही कळत नव्हतं. तू विमानानं आला असतास तरी तिला कळलं नसतं.”

“मग?”

दादानं चष्मा काढला, आणि या वेळी तो पुसला नाही, नुसता हातात धरून बसला.

“वाट मी बघत होतो. घरात पन्नास माणसं होती रे, पण भाऊ एकच होता मला. तिला उचलली तेव्हा पुढचा खांदा माझा आणि दुसरा कुणाचा, तर शेजारच्या दुकानदाराचा. मी मागं वळून बघत होतो सारखा, तू येतोस का. त्याचा राग होता. दारात तो तुझ्यावर काढला, आणि मग मागं घेता येईना. लाज वाटली. एवढ्यासाठी नऊ वर्षं गेली.”

गुरुनाथ रडला. एकसष्टाव्या वर्षी, कालक्याच्या फलाटावर, चांगला आवाज करून रडला. झाडूवाली आली, थांबली, आणि बाकाखालचं तेवढं सोडून पुढं गेली. दादानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. वहिनींनी पाण्याची बाटली काढली, आधी दिराला दिली, मग नवऱ्याला.

बऱ्याच वेळानं गुरुनाथनं नाक पुसलं. इतकी वर्षं जे विचारायची जिभेला सवय होती, तेच तोंडातून निघालं.

“परतीचं रिझर्वेशन कधीचं आहे?”

“नाही काढलेलं,” दादा म्हणाला. “सव्वा महिन्याचं सगळं काढलं होतं, इथपर्यंतचं. इथून पुढचं नाही काढलं. तू घरात घेतोस का नाही, ते बघून काढणार होतो.”

गुरुनाथनं मान डोलावली. मग तो उठला, जड बोजा स्वतः घेतला, हलका दादाला दिला, तिसरा वहिनी देईनात तरी काढून घेतला, आणि तिघं बाहेरच्या रस्त्याकडं चालायला लागले.